ड्रेन बोल्ट: साधा ठेवावा, चुंबकाचा घ्यावा की फिल्टरला चुंबक लावावा?

बाइकचं ऑइल बदलताना खालचा ड्रेन बोल्ट निघतो, मेकॅनिक तो फडक्याला पुसतो आणि ऑइल निथळलं की परत लावतो. साध्या बोल्टवर बघण्यासारखं काही नसतंच. टोकाला चुंबक असलेला बोल्ट मात्र दर वेळी काहीतरी घेऊन बाहेर येतो. तो घ्यावा की नाही, याचं माझं उत्तर गाडीगणिक बदलतं, म्हणून आधी गाडीचं बघू.

आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलवर चालतात. गिअरचे दात एकमेकांवर घासतात, घाईत गिअर टाकला की त्यांच्या कडा ठेचतात, क्लचच्या स्टीलच्या प्लेटा झिजतात. हा सगळा लोखंडी चुरा त्याच लिटरभर ऑइलमधून कॅमपर्यंत आणि बेअरिंगपर्यंत फिरत राहतो. स्प्लेंडरसारख्या १०० सीसीच्या गाड्यांत तर कागदी फिल्टरही नाही. एक जाळी असते आणि क्रँकबरोबर गरगर फिरून जड कण कडेला फेकणारी वाटी. अशा गाडीला चुंबकाचा बोल्ट जरूर लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारचं गणित वेगळं. मॅन्युअल कारचा गिअरबॉक्स वेगळा, त्याचं ऑइल वेगळं, आणि इंजिनच्या ऑइलला चांगला मोठा फिल्टर. चुंबकावर खर्च करायचाच असेल तर तो गिअरबॉक्सच्या बोल्टवर करा. पण आधी खोलून बघा, कारण पुष्कळ गिअरबॉक्सना तो कंपनीतूनच येतो. ऑटोमॅटिकच्या तळाशीही चुंबक बसवलेले असतात. गिअरलेस स्कूटरचा बेल्ट कोरडा चालतो, मागचे गिअर स्वतःच्या थोड्याशा ऑइलमध्ये असतात. तिथे इंजिनला साधा बोल्ट पुरे.

आता चुंबक पकडतो काय? लोखंड आणि पोलाद: पिस्टनच्या रिंगा, बिडाचा लायनर, कॅम, टायमिंग चेन, गिअर. ॲल्युमिनियमचा पिस्टन घासला तर त्याला कळत नाही. क्रँकच्या बुशांचं तांबं, कथील, शिसं यांचाही पत्ता लागत नाही. फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेलेली धूळ, जी सिलिंडरचं सगळ्यात जास्त नुकसान करते, तीही तशीच निसटते. त्यामुळे बोल्ट स्वच्छ निघाला म्हणजे इंजिन ठणठणीत, असं धरून चालू नका.

‘याने इंजिनचं आयुष्य वाढतं’ हे विक्रेत्याचं वाक्य मी तुम्हाला सांगणार नाही. चुंबकाची ओढ जेमतेम सेंटिमीटरभर पोचते, आणि चेंबरच्या तळाशी बसलेले जड कण गरम ऑइलबरोबर साध्या बोल्टच्या भोकातूनही निघून जातात. फायदा आहे तो बारीक कणांचा. साधारण वीस-तीस मायक्रॉनच्या खालचं बरंच काही कागदी फिल्टरमधून पार होतं. त्यातलं जे चुंबकाजवळून जाईल, ते तिथे अडकतं. माझ्या लेखी मात्र सगळ्यात मोठा फायदा म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये हेच तत्त्व वापरतात. चुंबकी प्लगवर धातूचा तुकडा चिकटला की दोन टोकं जोडली जातात आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. आपल्याला दिवा नाही, स्वतः बघायला लागतं.

बघायचं कसं, ते सांगतो. बोल्ट काढल्यावर पुसू नका. टोकावर राखाडी-काळं, काजळासारखं लिबलिबीत काहीतरी असतं. ते पांढऱ्या कापडावर घ्या आणि चिमटीत चोळा. मलमासारखं मऊ लागलं, कण टोचले नाहीत, तर ती रोजची झीज. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला हा थर जाड असतो, घाबरू नये. पुढे तो कमी होत जायला हवा. चिमटीत रवाळ लागलं किंवा उन्हात धरल्यावर चकाकणारे पापुद्रे दिसले, तर हजार किलोमीटरच्या आत पुन्हा खोलून बघा. सुईसारखा किंवा टोकदार तुकडा मिळाला, तर गाडी तिथेच थांबवा.

माझ्या सेकंडहँड १५० सीसीच्या बाइकला असा तुकडा निघाला. नखाच्या कात्रणाएवढा, एका बाजूने आरशासारखा गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने साखरेसारखा दाणेदार. ती दाणेदार बाजू म्हणजे ताजी तुटलेली. गाडीचा आवाज अजिबात बदलला नव्हता. इंजिन खोललं तर सेकंड गिअरच्या एका दाताचा कोपरा उडालेला. तेवढी जोडी बदलून भागलं. साधा बोल्ट असता तर तो तुकडा काळ्या ऑइलबरोबर डब्यात गेला असता आणि मी तसाच गगनबावड्याचा घाट चढत राहिलो असतो.

फिल्टरवर बाहेरून चिकटवायचा चुंबक हा दुसरा पर्याय. तो फक्त पत्र्याच्या डब्यासारख्या फिल्टरला चालतो. बहुतेक बाइकचा फिल्टर ॲल्युमिनियमच्या झाकणाआड असतो, तिथे त्याचा उपयोग नाही. कारला मात्र याची एक सोय आहे: ड्रेन बोल्टच्या आट्यांना हात लावावा लागत नाही. चुंबकाची बरीचशी ताकद डब्याच्या पत्र्यातच जिरते, तरी काही कण धरले जातात. पण ते दिसायला फिल्टर कापावा लागतो, आणि तेवढं कोण करतं?

आमच्याकडे कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवाल्याकडून मूळ बोल्टलाच भोक पाडून चुंबक बसवून घेता येतो. आटे कंपनीचेच राहतात, हे चांगलं. पण तो नुसत्या गोंदावर बसवू देऊ नका. गरम ऑइलमध्ये गोंद सुटला तर चुंबकच आत मोकळा होतो. खोबणीत घट्ट दाबून बसवून वरची कड ठोकून घ्यायला सांगा.

जेसीबी, जनरेटर, ट्रकचा ताफा ज्यांच्याकडे आहे त्यांनी ऑइल प्रयोगशाळेत तपासून घ्यावं. तिथे तांबं, ॲल्युमिनियम, धूळ सगळं वेगवेगळं कळतं. एका बाइकसाठी तो खर्च मी करणार नाही.

विकत घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. पहिली आट्यांची. होंडा वळणाच्या बऱ्याच बाइकना १२ मिलिमीटरचा, दीड पिचचा (म्हणजे दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलेला) बोल्ट लागतो. टोयोटाचा १२ मिलिमीटरचाच, पण सव्वा पिचचा. दिसायला दोन्ही सारखे. चुकीचा बोल्ट हाताने एक-दोन फेरे जातो, मग अडतो, आणि पान्याने जोर केला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. म्हणून जुना आणि नवा बोल्ट आट्यात आटा घालून उजेडात धरा. मधून उजेड दिसता कामा नये. चुंबकाचं टोक मूळ बोल्टपेक्षा फार पुढे येत असेल तर आत काही अडतंय का, तेही विचारून घ्या.

दुसरी उष्णतेची. साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कमजोर व्हायला लागतो, आणि इंजिन ऑइल सहज शंभरीला पोचतं. १५० अंश सोसणारी निओडिमियमचीच एसएच श्रेणी किंवा समेरियम-कोबाल्टचा चुंबक मागा. श्रेणी सांगता येत नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

तिसरी, वॉशर दर वेळी नवा. बोल्ट बाइकला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आवळतात, पण आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच धरा. गाडी वॉरंटीत असेल तर ती संपेपर्यंत कंपनीचाच बोल्ट राहू द्या.

आणलेल्या दिवशीच बोल्टला दहा नंबरचा पाना चिकटवून, लटकवून बघा. दर ऑइल बदलाला तोच पाना पुन्हा लटकवा. ज्या खेपेला तो गळून पडेल, त्या खेपेला बोल्ट नवा आणा.