एकच रचना, दोन कार्टून: आधी टॉम की बग्ज?

घरात कीबोर्ड शिकणारं मूल आहे, त्याला एखादं जुनं कार्टून दाखवायचंय, तर 'द कॅट कॉन्सर्टो' आणि 'ऱ्हॅप्सडी रॅबिट' यांतलं आधी कोणतं लावाल? दोन्ही सात-आठ मिनिटांची. दोन्हींत संगीतकार फ्रान्झ लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २ ही पियानोची रचना, कोट घातलेला ऐटबाज वादक आणि पियानोत दडलेला उंदीर. 'ऱ्हॅप्सडी रॅबिट'मधला वॉर्नर ब्रदर्सचा ससा बग्ज बनी नोव्हेंबर १९४६ मध्ये आला, 'द कॅट कॉन्सर्टो'मधला एमजीएमचा टॉम एप्रिल १९४७ मध्ये. साम्य इतकं, की दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचा आळ घेतला. ऑस्कर टॉमच्या कार्टूनला मिळालं.

मी आधी टॉमच लावीन. दिग्दर्शक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी इथं संवादच ठेवलेले नाहीत, सगळी गंमत सुरांतून येते. जेरी पियानोच्या आत हातोड्यांवर झोपलाय. टॉम वाजवायला लागला, की हातोडे खालीवर होतात आणि त्यांच्याबरोबर जेरीही उडतो. पट्टी दाबली की आत नेमकं काय होतं, हे पोराला कुणी समजावून सांगावं लागत नाही. टॉमची बोटंही नीट बघा. ती नुसती पट्ट्यांवर नाचत नाहीत, ऐकू येणाऱ्या सुरांमागे जातात. अशी मेहनत बघितली की मला भरून येतं. शेवटी जेरीच हातोडे हातात घेऊन तारांवर वाजवत सुटतो, टॉम पुरता दमून कोसळतो, आणि प्रकाशझोत जेरीवर!

दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंगचा बग्ज जास्त वात्रट. मैफिलीत कुणीतरी सारखं खोकतं, तर हा सरळ पिस्तूल काढून गोळी झाडतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दाखवायचं असेल तर हे आधीच लक्षात घ्या. मध्येच फोन येतो, त्यावर लिस्टच्या नावाचा विनोद आहे. इंग्रजी कळत नसेल तर तो हुकतो. पण याकोब गिम्पेलचं पियानोवादन ऐकण्यासारखं आहे. शेवटही फर्मास: अवघड पान आलं म्हणून बग्ज जय्यत तयारी करतो, आणि उंदीर आपल्या चिमुकल्या पियानोवर ते सगळं वाजवून मोकळा होतो.

मूल दहा-बाराचं असेल तर दोन्ही एकाच बैठकीत लावा. ओळखीचा तुकडा दुसऱ्यांदा वाजला, की ते स्वतःच बोट दाखवेल.