सांगलीच्या पुरासाठी कोणता उपग्रह: कॅमेऱ्याचा की रडारचा?

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. त्या आठवड्यात कॅमेऱ्याच्या उपग्रहानं वरून पाहिलं असतं तर दिसले असते फक्त ढग. युरोपच्या सेंटिनेल-२ या कॅमेऱ्याच्या उपग्रहाचं चित्र एरवी फार देखणं, १० मीटरपर्यंत बारीक. पण ऐन पुरात ते काय कामाचं?

रडारचा उपग्रह, म्हणजे युरोपचाच सेंटिनेल-१ किंवा इस्रोचा ईओएस-०४, स्वतःच रडारलहरी सोडतो. त्यांना ढग आडवे येत नाहीत, रात्रही नाही. संथ पाण्यावरून लहरी आरशासारख्या पलीकडे निसटतात, म्हणून पाणी काळं दिसतं. गावभागातल्या दाटीत मात्र भिंतींवरून उलट्या फिरलेल्या लहरी गोंधळ घालतात. उभ्या उसात शिरलेलं पाणीही कधी कधी चकवतं. शिवाय उपग्रह रोज डोक्यावरून जात नाही. तासातासाला पाणी किती चढलं हे पुलावरची फूटपट्टीच सांगणार.

तरी पुरासाठी माझं मत रडारलाच. कॅमेऱ्याचे दिवस पुढचे: तासगावच्या द्राक्षबागा, जतकडचे आटत चाललेले तलाव. पानाचा हिरवेपणा तो अवरक्त प्रकाशात मोजतो, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे आभाळ बहुधा मोकळंच असतं.