ओतामातोन: डाव, बेडूकमासा आणि सूर, तिन्ही एका खेळण्यात

लेकीच्या वाढदिवसाला ओतामातोन घेतलं त्याला आता दोन महिने झाले, घरात रोज वाजतंय, म्हणून म्हटलं नीट लिहावं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, वेस्टर्न नोटेशनमधलं ते स्वराचं चिन्ह असतं ना, खाली गोल डोकं आणि वर दांडी, अगदी तसंच दिसतं. डोक्याला डोळे आणि तोंड आहे. एका हाताने गाल दाबले की तोंड उघडतं आणि आवाज वाँव वाँव असा बदलतो, दुसऱ्या हाताचं बोट दांडीवरच्या काळ्या पट्टीवर दाबायचं, खाली डोक्याकडे गेलं की सूर चढा, वर गेलं की खर्जाकडे. जपानच्या मेईवा देंकी या कलाकार ग्रुपचं हे काम, २००९ साली आलं.

मला हे घ्यावंसं वाटलं ते नावामुळे. मी पुण्यातच जपानी शिकले, तेव्हा सेन्सेईंनी ओतामाजाकुशी हा शब्द सांगितला होता तो डोक्यातून गेलाच नाही. मूळ अर्थ स्वयंपाकघरातला, म्हणजे आपला डाव. त्याच्यासारखाच गोल डोकं आणि लांब शेपटीचा म्हणून बेडूकमासाही ओतामाजाकुशी, आणि कागदावरचे स्वर तसेच दिसतात म्हणून तेही ओतामाजाकुशी. त्यालाच टोन जोडून ओतामातोन. किचनमध्ये नुसतं ओतामा म्हटलं तरी चालतं. शब्दाचं मूळ शिगा प्रांतातल्या तागा देवळाशी जोडतात, तिथे प्रसाद म्हणून लाकडी डाव द्यायचे, तो ओतागा-जाकुशी, सांगतात की गेनशो नावाची सम्राज्ञी आजारी पडली तेव्हा देवळाने तिला भात आणि असा डाव पाठवला आणि ती बरी झाली. भांड्यावरून प्राण्याचं नाव पडलं हे मला फार आवडतं. आपण बेडूक आणि मासा दोघांना जोडून टाकलं, त्यांनी आमटीत बुडणारा डाव पाहिला. वेताळ टेकडीवर खाणीच्या पाण्यात पावसाळ्यात बेडूकमासे असतात, लेकीला ते दाखवले आणि घरी आल्यावर ओट्यावर सासूबाईंचा पितळी डाव आणि हे खेळणं शेजारी शेजारी ठेवलं, तर ती म्हणाली आई हे तिघं भावंडं आहेत.

आता वाजवण्याबद्दल. सोपं नाहीये, हे घेण्याआधी माहीत असू द्या. दांडीवर पडदे नाहीत, खुणा नाहीत, बोट जरा सरकलं की बेसूर, व्हायोलिनसारखंच. पहिला आठवडा नुसता कल्ला होता. मग सासऱ्यांनी हातात घेतलं, ते वर्षानुवर्षं पेटी वाजवतात, मोबाईलवर तानपुरा लावला, कान लावून सा शोधला आणि सासूबाईंच्या पाकिटातली लाल टिकली तिथे चिकटवली, मग ग ची, मग प ची. या तीन टिकल्यांनी खरंच सगळं बदललं, मागच्या स्विचने सप्तक बदललं तरी टिकल्यांची जागा तीच राहते. आणि पडदे नाहीत म्हणूनच मींड काय सुंदर निघते! ग वरून सा वर बोट घसरत आणलं आणि गाल हळू सोडले की अगदी माणसाने गळ्यातून काढल्यासारखं वाटतं. बाबा म्हणाले, पेटीवर हे मला आयुष्यात जमलं नाही, पेटीत ते नाहीच. आता आजोबा-नात रोज संध्याकाळी भूप घेऊन बसतात. जपानीत म्हण आहे, बेडकाचं पोर बेडूकच, आपली खाण तशी माती, ती इथे नातीपर्यंत पोचली.

आवाजाचे दोन टप्पे आहेत, फ्लॅटमध्ये कमी आवाजावरच ठेवा. सेल तीन लागतात, बारीकवाले, ट्रिपल ए, आणि झाकणाला स्क्रू आहे, छोटा स्क्रूड्रायव्हर हाताशी ठेवा. मी ज्या ऑनलाइन दुकानदाराकडून मागवलं त्याने सेल दिले नव्हते आणि पानावर तसं लिहिलंही नव्हतं, वाढदिवसाच्या सकाळी घड्याळातले आणि दोन रिमोटमधले काढून घालावे लागले, तेव्हा आधीच आणून ठेवा. मोठं डिलक्स मॉडेलपण मिळतं, पण सात-आठ वर्षांच्या हाताला छोटंच बरं, गाल दाबायला बोटांत जोर लागतो. टिकल्या मात्र वेल्वेटच्या घ्या, प्लास्टिकच्या घामाने सुटतात.