रसायनशास्त्राच्या तासाला विकतचे साहित्य की घरगुती?

नववी-दहावीच्या रसायनशास्त्रासाठी यादीतले काय विकत मागवावे आणि काय स्वयंपाकघरातून किंवा किराणा दुकानातून आणावे, हे बहुतेक ठिकाणी शिल्लक रकमेकडे पाहून ठरते. माझ्या मते ते प्रयोगाकडे पाहून ठरवावे. पदार्थ ओळखायचा असेल तर घरगुती साहित्य सहसा पुरते, मोजमाप काढायचे असेल तर ते लवकर तोकडे पडते.

दर्शकांचेच, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी हे सांगणाऱ्या पदार्थांचेच पाहा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी साबणाच्या पाण्यात लाल होते आणि कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल झालेला मुलांनी घरी पाहिलेला असल्याने प्रयोग त्यांना लगेच आपला वाटतो. मात्र ही पट्टी लिंबाच्या रसात आणि साध्या पाण्यात सारखीच पिवळी राहते, म्हणजे ती आम्लारी दाखवते, आम्ल दाखवत नाही. लाल जास्वंदीचा अर्क आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवट होऊन दोन्ही दाखवतो, पण तो फार दिवस टिकत नाही. विकतचा दर्शक कागद, म्हणजे लिटमस, कोरडा ठेवल्यास बराच काळ टिकतो. तरीही पहिल्या तासिकेला मी हळद आणि जास्वंदच घेईन. अनुमापनाला, म्हणजे द्रावणात आम्ल किंवा आम्लारी नेमके किती आहे हे मोजायला, मात्र ब्युरेट (थेंब थेंब सोडणारी मापाची नळी) आणि फिनॉल्फ्थॅलीन हा विकतचा दर्शकच हवा, कारण तिथे एका थेंबाने पडणारा फरक दिसावा लागतो.

चुन्याच्या निवळीसाठी पैसे खर्च करण्याचे कारणच नाही. पानाचा ताजा, ओला चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला आणि वरचे पाणी गाळून घेतले की तेच कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचे संपृक्त द्रावण मिळते.

पाण्याच्या विद्युत अपघटनाची, म्हणजे वीज सोडून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करण्याची, गोष्ट वेगळी आहे. दोन पेन्सिली, ९ व्होल्टची बॅटरी आणि चिमूटभर मीठ ही सर्वपरिचित जुळणी बुडबुडे दाखवते खरी, पण मिठामुळे धनाग्रापाशी (बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या पेन्सिलीपाशी) क्लोरीनही सुटतो आणि त्याचा उग्र वास येत असताना मुलांना ‘हा ऑक्सिजन’ असे सांगणे चुकीचे शिकवणे होय. मिठाऐवजी धुण्याचा सोडा घातल्यास ही अडचण टळते. तरीही ऑक्सिजनचा थोडा भाग पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटशी संयोग पावत असल्याने हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे २:१ हे प्रमाण नेमके मिळेलच असे नाही. म्हणून गटागटाला पेन्सिली द्याव्यात आणि प्रमाण दाखवण्यासाठी प्लॅटिनमच्या अग्रांचे एक तयार उपकरण शाळेत असावे. ते महाग असले तरी वर्षानुवर्षे चालते.

आम्लाच्या बाबतीत काटकसर करू नये. संडास धुण्याच्या ॲसिडची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असू शकते, शिवाय त्यात इतर द्रव्येही मिसळलेली असतात. प्रयोगशाळेसाठीचे आम्ल घ्यावे, ते शिक्षकांनी स्वतः विरल करावे, डोळ्यांवर चष्मे असावेत, आणि उरलेले द्रावण शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.