डेंटलच्या व्हिडिओ लेक्चरचं सबस्क्रिप्शन वर्षभर वापरलं, त्याबद्दल

फायनल इयर सुरू झालं तेव्हा घेतलं होतं, आता इंटर्नशिप चालूये, त्यामुळे पूर्ण वापरून झाल्यावरच लिहितेय. अॅपचं नाव घेत नाही.

थिअरीला खरंच भारी आहे. अमेलोब्लास्टोमाची (जबड्यातली एक गाठ) स्लाइड कॉलेजात १०० जणांच्या हॉलमध्ये मागच्या बाकावरून नुसती गुलाबी-जांभळी दिसायची, इथे मॅडम पेनाने गोल करून दाखवतात की पेशीचा न्यूक्लियस तिच्याखालच्या बेसमेंट मेंब्रेनपासून लांब सरकलाय, हीच रिव्हर्स पोलॅरिटी, तीनदा पॉज करून बघितलं आणि जे डोक्यात बसलं ते बसलंच. नीट एमडीएसला (पीजीची प्रवेश परीक्षा) २४० प्रश्न आणि निगेटिव्ह मार्किंग, त्यासाठी टेस्ट सिरीजही चांगलीये. सकाळी स्लाइड वाचून दाखवणारं लेक्चर याच्यापुढे टिकत नाही, हे सरळ सांगते.

पण एन्डो, म्हणजे रूट कॅनल! अप्पर फर्स्ट मोलरच्या ॲक्सेस ओपनिंगचा (दाढेत छिद्र करून आत शिरायचं) व्हिडिओ मी दहा वेळा बघितला असेल, एमबी टू, म्हणजे तो लपलेला जास्तीचा कॅनल, कुठे शोधायचा तोंडपाठ होतं. पोस्टिंगला खऱ्या मावशी खुर्चीत, मिररवर वाफ, लाळ भरतेय, त्या दर दोन मिनिटांनी हात वर करतायत आणि बर (ड्रिलचं टोक) दाढेच्या आतल्या चेंबरमध्ये गेला की नाही तेच मला कळेना. सरांनी मागून माझा हात धरला, हँडपीस किंचित तिरका केला, म्हणाले जोर लावू नकोस गं, हाताला काय लागतंय ते बघ. मग डीजी १६ (कॅनल शोधायचं टोकदार हत्यार) चेंबरच्या फ्लोअरवर हळूहळू फिरवायला लावला, एका जागी टोक चिकटलं, ओढल्यावर जरा अडकलं, तोच एमबी टू. ते चिकटणं व्हिडिओत कसं कळणार?

लॉकडाऊनमध्ये आमच्या एका सिनियर ताईने वॅक्स कार्व्हिंग (मेणातून दात कोरणं) मोबाईलसमोर केलं, कॅमेऱ्यात दात छान दिसायचा, कॉलेज उघडल्यावर मॅडमनी नुसता अंगठा फिरवला आणि सांगितलं मार्जिनल रिज (दाताच्या कडेचा उंचवटा) खाली गेलीये.

राग आला तो डाऊट सेक्शनचा. लोअर मोलरचा ब्लॉक (बधिर करायचं इंजेक्शन) बसत नाही, नीडल कुठे चुकतेय विचारलं, ९ दिवसांनी उत्तर आलं आणि त्यात त्याच व्हिडिओची लिंक. साडेअकरा हजार घेताय तर माणसाने उत्तर द्यायला नको का?

५ पैकी साडेतीन स्टार. घ्यायचं तर थर्ड इयरच्या सुट्टीत घ्या, ओरल पॅथ आणि फार्मा आधी उरका, आणि हे आहे म्हणून डेमो मात्र एकही बुडवू नका, पुढे उभं राहा, सरांच्या हाताकडे बघा.