पुरात बुडालेली इलेक्ट्रिक गाडी मला 'वॉरंटीसकट' विकली

गाडी आमच्या दारात ताडपत्रीखाली उभी आहे. ती जागची हलत नाही, पण महिन्याच्या पाच तारखेला पतसंस्थेचा ११,१२२ रुपयांचा हप्ता न चुकता कापला जातो. हे लिहायला मला सहा महिने लागले. लिहायचं म्हणजे आपण फसलो हे चारचौघांत कबूल करायचं, आणि ते जमत नव्हतं. पण ओळखीतले एक जण पुण्याला जुनी इलेक्ट्रिक गाडी बघायला निघालेत असं गेल्या आठवड्यात कळलं, तेव्हा लाज बाजूला ठेवली.

माझी औषधांची एजन्सी आहे. सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी, कोल्हापूर असा रोजचा फेरा, शंभरेक किलोमीटरचा. डिझेललाच महिन्याला बारा हजार जायचे. नवी इलेक्ट्रिक गाडी परवडत नव्हती, म्हणून जुनी बघायला लागलो. त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार. पुण्यात हायवेलगत जुन्या गाड्यांचं एक शोरूम. काचेचं ऑफिस, पाण्याच्या बाटल्या, गळ्यात ओळखपत्र घातलेली पोरं. गाडी २०२२ ची, ३१,००० किलोमीटर चाललेली, एकच मालक. रंग चकाचक, टायर चांगले. सोबत आमच्या गल्लीतला मेकॅनिक नेला होता, त्याने वाकून वाकून सगळं बघितलं. पण त्याचा जन्म पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांत गेलेला. शोरूमवाल्याने मशीन लावून बॅटरीचं आरोग्य ९४ टक्के दाखवलं आणि आम्ही दोघांनी माना डोलावल्या. ते ९४ टक्के बॅटरीत किती जीव उरलाय तेवढंच सांगतात. तिच्यातून विजेची गळती होतेय का, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते इन्सुलेशनचं रीडिंग वेगळं असतं, ते वेगळं मागून घ्या.

किंमत ९,४०,००० ठरली. आरसी नावावर करण्याचे १४,५००. आणि 'वॉरंटी ट्रान्सफर'चे २३,६००, म्हणजे वीस हजार अधिक जीएसटी. बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते हे मला माहीत होतं. तो म्हणाला, "साहेब, अजून पाच वर्षं बाकी आहेत. बॅटरी गेली तर कंपनी नवी टाकून देते. तुम्हाला कशाचं टेन्शन?"

मी नुसतं त्याच्या शब्दावर गेलो नाही. तिथूनच कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला, चासी नंबर सांगितला. पलीकडची बाई म्हणाली, "हो सर, गाडी वॉरंटी पिरियडमध्ये आहे." बास, माझं समाधान झालं. तिचा शब्द 'पिरियडमध्ये' होता. मी ऐकलं 'वॉरंटीत'. जूनमध्ये त्याच नंबरवर मला सांगण्यात आलं, "पिरियड चालू आहे सर, पण वॉरंटी लागू नाही." हा फरक फेब्रुवारीत का सांगितला नाही, याचं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. तुम्ही फोनवर विचारूच नका. चासी नंबर टाकून ईमेल करा, 'या गाडीच्या बॅटरीची वॉरंटी आज लागू आहे का, कुठे रोखलेली आहे का' असं स्पष्ट विचारा, आणि लेखी उत्तर आल्याशिवाय टोकन देऊ नका.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते.

टोकनचे २५,००० देऊन झाले होते. मुलगा मागच्या सीटवर जाऊन बसला. पट्टा अडकत होता म्हणून त्याने तो जोर लावून शेवटपर्यंत ओढला. एरवी खांबात गुंडाळलेला राहतो तो शेवटचा वीतभर भाग बाहेर आला. त्यावर करडा डाग होता, आणि डागाची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. मी नखाने खरवडलं. नखात पिठासारखी बारीक माती आली.

मी सांगलीचा माणूस आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. तो गाळ मी स्वतः फावड्याने काढलाय. ओला असताना लोण्यासारखा, वाळला की पिठासारखा, आणि कपाटाच्या खणातला वास वर्षभर जात नाही. भिंतीवर पाण्याची रेघ कशी उठते हे मला कोणी शिकवायला नको. आणि माझ्या नखात तोच गाळ असताना मी फक्त "हे काय?" एवढंच विचारलं.

"आधीच्या मालकाची मुलं लहान होती, काहीतरी सांडलं असेल. पट्टा बदलून देऊ," तो म्हणाला. आणि मग आपणहून पुढे म्हणाला, "आणि बॅटरी आयपी ६७ आहे साहेब, पाण्यात बुडाली तरी काही होत नाही."

पाण्याचा विषय मी काढलाच नव्हता. डाग पट्ट्यावरचा, आणि हा माणूस बॅटरी पाण्यात बुडण्याबद्दल बोलतोय. तिथेच उठायला हवं होतं. पंचवीस हजारांवर पाणी सोडून बाहेर पडायला हवं होतं. पण मुलगा आत बसून स्क्रीनशी खेळत होता, पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं होतं, आणि खरं सांगायचं तर गाडी मला हवी होती. मनाने हवं असलं की डोळ्यांना दिसत नाही.

आयपी ६७ चा अर्थ नंतर शिकलो. एक मीटर पाण्यात अर्धा तास, तोही प्रयोगशाळेत. रात्रभर गाळाच्या पाण्यात उभ्या असलेल्या गाडीला ते लागू होत नाही. शिवाय ते बॅटरीच्या पेटीपुरतं. चार्जर, वायरिंग, जोडण्या, त्यांचं काय? आत गेलेला गाळ वाळला की उन्हाळाभर गप्प बसतो. हवेत दमटपणा आला की ओल धरतो, आणि जिथे वीज जाता कामा नये तिथून ती गळायला लागते. म्हणून अशा गाड्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात विकल्या जातात. मला फेब्रुवारीत विकली ती उगाच नाही.

पैसे कसे दिले तेही सांगतो, कारण त्यात दुसरा फास होता. ७,५०,००० आरटीजीएसने आणि १,९०,००० रोख. "दोन लाखांच्या आत चालतं," असं म्हणून रोख घेतली आणि पावती दिली फक्त साडेसात लाखांची. उरलेल्याचा कागद नंतर पाठवतो म्हणाला. पाठवला नाही. रोख एक रुपया देऊ नका.

मार्च, एप्रिल, मे, गाडी उत्तम चालली. मी दहा जणांना कौतुकाने सांगितलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि घरी चार्जिंगला लावली की आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायला लागला. इलेक्ट्रिशियन म्हणाला अर्थिंग खराब आहे. नवीन खड्डा, नवीन प्लेट, ६,४०० रुपये. तरी पडतच राहिला. तो बिचारा स्विच मला खरं सांगत होता आणि मी त्यालाच बदलायला निघालो होतो. पावसाळ्यात गाडी लावल्यावरच ब्रेकर पडत असेल तर आधी दुसरी गाडी त्याच पॉइंटला लावून बघा.

२१ जूनला कऱ्हाडहून येताना पेठ नाक्याच्या अलीकडे स्क्रीनवर लाल अक्षरांत हाय व्होल्टेजचा इशारा आला आणि दोन मिनिटांत गाडी बंद. भर पावसात दीड तास. सपाट टोइंगवर चढवून कोल्हापूरच्या बाजूच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली, ७,५०० रुपये. सहा दिवसांनी त्यांनी कागद हातात ठेवला: बॅटरी, चार्जर, वायरिंग मिळून ७,९३,२००. वॉरंटी लागू नाही. २ ऑगस्ट २०२४ पासून या चासी नंबरवर 'पुराचं नुकसान' अशी नोंद आहे. मी वॉरंटी ट्रान्सफरचं प्रमाणपत्र पुढे केलं, शिक्का, सही, सगळं होतं. तिथल्या माणसाने ते एकदा बघितलं आणि परत केलं. असला कागद कंपनी काढतच नाही म्हणाला.

गाडीतल्या पुस्तिकेत सर्व्हिसचं एक जुनं बिल सापडलं, त्यावर पहिल्या मालकांचा नंबर होता. फोन लावला. सज्जन माणूस. सगळं सरळ सांगितलं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या सोसायट्यांत घुसलं, तेव्हा गाडी पार्किंगमध्ये स्टिअरिंगपर्यंत बुडाली होती. विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरून त्यांना पैसे दिले, त्यांनी फॉर्मवर सह्या करून चावी दिली, आणि त्यांच्या लेखी गाडी भंगारात गेली. "तुम्ही मला आधी एक फोन केला असता तर सांगितलं असतं हो," असं म्हणाले. पहिल्या मालकाशी बोलल्याशिवाय जुनी गाडी घेऊ नका. शोरूमवाला नंबर देत नसेल तर तेच तुमचं उत्तर समजा.

आता दाद कुठे मागायची ते ऐका.

शोरूमवाला पहिल्यांदा "बघतो" म्हणाला, मग "आम्ही फक्त मध्यस्थ", मग फोन उचलणं बंद. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. "व्यवहार पुण्यात झालाय, पुण्याला जा." पुण्याला गेलो. दोन तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, "हा दिवाणी मामला आहे, वकील करा." बनावट प्रमाणपत्र देऊन पैसे घेणं दिवाणी कसं, असं विचारलं तर अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला. पोच मागितली तर वाद. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत, दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, झीरो एफआयआर घ्यावाच लागतो. हे मी त्यांना सांगितलं. "तुम्ही वकील आहात का?" हे उत्तर. अर्जाचं पुढे काय झालं हे विचारायला तीनदा गेलो. तिसऱ्यांदा अर्ज सापडत नव्हता.

आरटीओ कार्यालयात सांगितलं, आरसी स्वच्छ आहे, बोजा नाही, आमच्याकडे विम्याच्या दाव्याची नोंद नसते. म्हणजे विमा कंपनीच्या हिशेबी मेलेली गाडी सरकारच्या कागदावर ठणठणीत! १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाचं अधिकारपत्र लागतं. या शोरूमकडे ते आहे का, एवढंच विचारलं. लेखी अर्ज करा, म्हणे. केला. उत्तर नाही. अधिकारपत्र मी खरेदीच्या वेळी मागायला हवं होतं, हे मान्य. पण ते तपासणं ही फक्त माझी जबाबदारी आहे का? ज्यांना त्याचा पगार मिळतो ते काय करतात?

विमा कंपनीला जुन्या दाव्याची माहिती मागितली. "त्रयस्थ व्यक्तीला देता येत नाही." गाडी माझ्या नावावर, कर्ज माझ्या नावावर, आणि मी त्रयस्थ. माझ्या स्वतःच्या पॉलिसीतूनही काही मिळालं नाही, कारण नुकसान आधीचं. या सगळ्यांना माहिती होती. विमा कंपनीला, गाडीच्या कंपनीला, त्यांच्या सर्व्हिस सेंटरला. ऑगस्ट २०२४ पासून माहिती होती. माहिती नव्हती ती एकट्या पैसे भरणाऱ्याला.

सर्व्हिस सेंटरनेही सोडलं नाही. तपासणीचे ४,७२०. दुरुस्ती करणार नसाल तर जागेचं भाडं दिवसाला ५९०. पोलीस, आरटीओ करता करता तेवीस दिवस गेले, १३,५७०. हे भाडं आहे असं पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. गाडी आत सोडतानाच विचारून घ्या. घरी आणायचं टोइंग ४,५००. गाडीसकट एकूण १०,१४,७९० रुपये गेले.

बाहेरच्या दोघांनी बॅटरीचा पॅक, म्हणजे तिची पेटी, उघडून आतले सेल बदलून देतो म्हणून सांगितलं, एकाने १,८५,००० मध्ये. मी नकार दिला. पेटीचं सील तुटलं की पुरावाच गेला. तुमचंही असं काही झालं तर कुणालाही पॅक उघडू देऊ नका.

शेवटी सप्टेंबरमध्ये ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ग्राहक जिथे राहतो तिथे ती करता येते, पुण्याला जावं लागत नाही, हे मला पुतणीने सांगितलं, ती कायद्याला आहे. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. हे मला जूनमध्ये कोणी सांगितलं असतं तर तीन महिने वाचले असते. शोरूमला आणि गाडीच्या कंपनीला, दोघांनाही पक्षकार केलंय. पहिल्या मालकांनी लेखी जबाब द्यायचं कबूल केलंय, त्यांचे उपकार. रोख दिलेल्या १,९०,००० चं काय होईल माहीत नाही. मेकॅनिक साक्ष द्यायला तयार आहे.

पुढची तारीख १९ जानेवारी. मागच्या सीटचा पट्टा तसाच आहे. त्याने तो कधी बदलून दिलाच नाही. घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय, गाडी पुसायला घेतली तरी त्या पट्ट्याला कोणी हात लावायचा नाही.