ऐरोलीत हापूसचं कलम म्हणून मला साधं रोप विकलं

आमचं ऐरोलीत सिडकोचं रो-हाऊस आहे. मागे जेमतेम दहा बाय बारा फुटांची माती. सासूबाई मूळच्या राजापूरच्या. दारात एक तरी हापूसचं कलम असावं, ही त्यांची फार दिवसांची इच्छा.

२०१९ च्या जूनमध्ये गल्लीच्या तोंडाशी रोपांनी भरलेला टेंपो आला. ‘रत्नागिरीचं कलम आहे ताई, तिसऱ्या वर्षी घरचा आंबा खाल.’ एका रोपाला तर कैऱ्या लटकत होत्या. बाराशेला एक, अशी दोन घेतली. पावती मागायचं सुचलं नाही. त्यानं मोबाइल नंबर लिहून दिला, तेवढ्यावर आमचा विश्वास बसला.

कैऱ्यांचं रोप आठ दिवसांत वाळलं. उपटून बघितलं तर मुळंच नव्हती. कुठल्या तरी मोठ्या झाडाची कैऱ्यांसकट फांदी तोडून पिशवीतल्या मातीत खोचली होती. नंबर बंद.

दुसरं जोमानं वाढलं, म्हणून निदान हे तरी खरं, असं वाटत राहिलं. पुढच्या पावसाळ्यात खोडावरची प्लास्टिकची पट्टी काचायला लागली, तेव्हा मी ती ब्लेडनं सोडवली. आत कलमाचा सांधाच नव्हता. खोड खालून वरपर्यंत एकसारखं, गुळगुळीत. बाठ्यापासून, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या रोपाला नुसती पट्टी गुंडाळली होती. सासूबाईंनी खोडावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता आत गेल्या. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

हापूसचा बाठा लावला तरी त्यातून हापूसच येईल याची खात्री नसते, कारण बाठ्यात परागातून आलेले दुसऱ्या झाडाचे गुणही असतात. म्हणून तर खाली रायवळचा, म्हणजे गावठी आंब्याच्या रोपाचा खुंट ठेवून त्याच्या चिरेत हापूसची काडी पाचरीसारखी तासून बसवतात आणि वरून पट्टी बांधतात. तेव्हा पैसे देण्याआधी पट्टी सरकवून सांधा बघाच. पाचर मारलेल्या जागी तिरकी खूण, थोडी गाठ दिसते. वरच्या-खालच्या सालीत बहुधा फरक जाणवतो. कोय कलमात, म्हणजे नुकत्याच उगवलेल्या कोयीच्या रोपावर बांधलेल्या कलमात, हा सांधा मातीपासून थोड्याच उंचीवर असतो. पानं सांध्याच्या वरच्या काडीला आहेत ना, हेही पाहा. काडी मेलेली आणि खालच्या खुंटाचा फुटवा वाढलेला, अशीही रोपं खपवतात. पिशवीतल्या रोपाला लागलेल्या कैऱ्यांवर अजिबात भुलू नका. शक्यतो परवाना असलेल्या रोपवाटिकेतून, जातीचं नाव लिहिलेल्या पावतीसह घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचीही कलमं मिळतात. जागा लहान असेल तर तिथलीच ‘रत्ना’ विचारा. नीलम आणि हापूसच्या संकरातून ती काढलेली आहे.

ते रोप मी तोडलं नाही. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंचे चुलतभाऊ राजापूरहून घरच्या हापूसच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले आणि त्याच झाडाच्या कोवळ्या फुटव्यांवर तीन पाचर कलमं बांधून गेले. दोन लागली. खालून येणारा फुटवा सासूबाई रोज सकाळी खुडतात.

या जूनमध्ये टेंपो पुन्हा आला होता, माणूस दुसरा. मी एक रोप उचलून पट्टी सोडायला लागले, तर त्यानं ते हातातून काढून घेतलं. शेजारच्या काकूंनी तोवर पाकीट उघडलं होतं. मी त्यांना तिथेच थांबवलं.